साहेबांचं मत

"साहेबांना दिलंस ना पत्र?" दादाने विचारलं आणि लगेच खोकल्याची उबळ आली. वहिनी त्याची पाठ चोळत राहिली.

"आज देतो," मी म्हटलं.

"दे बाबा. आपला माणूस आत असल्यावर कसली काळजी?"

हा आतला माणूस म्हणजे मी, खासदारांच्या कार्यालयातला कारकून. दादाला वाटतं, साहेब मला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. खरं तर तिथे मला कुत्रं विचारत नाही. पण दादाचा समज मी कधी मोडला नाही, मला तो आवडायचा.

दादाची तीस वर्षं दगडाच्या खाणीत गेली. धूळ फुप्फुसात जाऊन बसली. अशा कामगारांच्या औषधपाण्याचा खर्च मालकांनी करावा, असं विधेयक संसदेत आलं होतं. साहेबांनी त्याच्या बाजूने मत द्यावं, एवढंच दादाचं मागणं.

साहेबांना निवडणुकीत कुणी किती देणगी दिली आणि त्यांनी सभागृहात कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, या दोन्ही नोंदी मी ठेवतो. त्यात लपवाछपवी काही नाही. कुणीही येऊन बघाव्यात, पण इतक्या वर्षांत एक माणूस फिरकलेला नाही. देणगीदारांच्या यादीत खाणमालकांच्या संघटनेचं नाव तिन्ही निवडणुकांत सगळ्यात वर आहे. खाणीचा विषय निघाला की साहेब काय करणार, हे मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं असतं तरी एकदाही खाडाखोड करावी लागली नसती. दादाला हे सांगायला जीभ रेटत नव्हती.

तरी त्या दिवशी धीर केला. पत्र पुढे ठेवून म्हटलं, "साहेब, माझा सख्खा भाऊ आहे."

साहेबांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. घाई केली नाही. मला उगाच आशा वाटली. मग पत्राची नीट घडी घालून त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"फार वाईट वाटलं रे," ते म्हणाले. "पण यादी तर तूच ठेवतोस."

त्यांचे डोळे खरंच ओले होते. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी मतदान झालं. नोंद मीच केली: विरोधात. संध्याकाळी दादाकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वहिनी हातातलं काम तसंच टाकून आत निघून गेली.

दादा अंथरुणावर पडून होता. तो माझीच समजूत घालायला लागला.

"त्यांचं तरी काय चुकलं? चार पानं लिहिली मी. एवढ्या कामाच्या माणसाला वाचायला वेळ कुठून मिळणार? माझंच चुकलं."

मी खिशातलं पत्र आणखी आत सारलं.

"पुढच्या वेळी एका पानात बसवतो. चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

तो हाताच्या आधाराने उठून बसला, श्वास जुळेपर्यंत थांबला आणि कोरा कागद मागू लागला.