कोटाच्या बटणाएवढं भोक

गुलाबाच्या पानाला पहिलं भोक दिसलं त्या सोमवारीच ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

ताईंचं अर्धं आयुष्य मुलींचे फ्रॉक शिवण्यात गेलेलं. वीस वर्षं त्या एका भाड्याच्या दुकानात एकट्याच बसत. मागच्या महिन्यात मालकाने मधोमध पडदा लावला आणि पलीकडे कोट शिवणारा एक कोटवाला आणून बसवला. रस्ता रुंद करताना त्याचं दुकान पाडलं होतं. मालक ताईंना म्हणाला होता, "महिनाभर बघा. महिना भरला की शनिवारी येतो. पटलं तर राहील, नाही तर जाईल." म्हणजे त्या माणसाचं पोट ताईंच्या जिभेवर होतं, आणि ती जीभ काही फार शांत बसणारी नव्हती.

कोटवाला मात्र बोलायचाच नाही. येताना मान हलवायची, जाताना मान हलवायची, मधल्या वेळात मशीन. ताईंच्या मते असा माणूस म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय.

गुलाब दाराशी, रंगाच्या रिकाम्या डब्यात होता. लेक सासरी जाताना लावून गेली होती आणि फोनवर आईच्या गुडघ्यांआधी त्याचीच चौकशी करायची. त्या गुलाबाच्या पानांच्या कडा आता कोणीतरी गोल कापल्या होत्या. ताईंनी चष्मा लावून पाहिलं. किडा खातो तेव्हा कड कुरतडलेली असते. ही कड मात्र हात न थांबवता, एका दमात फिरवलेली. असा काप त्या गल्लीत दोघांनाच जमत होता, आणि त्यातल्या एक ताई स्वतः होत्या.

कोटवाला पाणी भरायला गेल्यावर त्या टेप घेऊन पडद्याआड शिरल्या. त्याच्या कोटाचं बटण मोजलं, मग पानाचं भोक मोजलं. तंतोतंत! हातच्या काकणाला आरसा कशाला?

त्यानंतर त्याचं प्रत्येक वागणं खटकू लागलं. मंगळवारी तो गुलाबापाशी वाकलेला दिसला आणि ताईंची चाहूल लागताच सरळ झाला. गुरुवारी तर तो ताईंचीच कात्री उचलून चक्क हुंगत होता! शुक्रवारी त्याचे कोट लटकायचे त्या पोकळ लोखंडी पाइपाखाली ताईंना हिरव्या पानांची एक छोटी गुंडाळी सापडली. बोटाच्या पेराएवढी. ताईंनी ती कापलेल्या पानांसोबत पाकिटात घातली आणि मालकाला फोन लावला. "उद्या या. पुरावाच दाखवते."

शनिवारी दुपारी ताई मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "मी जेवायला घरी चालले हो!" चपला वाजवत बाहेर गेल्या, मागच्या दाराने आत आल्या आणि टांगलेल्या फ्रॉकांमागे श्वास रोखून उभ्या राहिल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पलीकडे मशीन बंद. मग पडद्याची कड किंचित हलली आणि फटीतून एक डोळा गुलाबाकडे टक लावून पाहताना दिसला.

ताई बाहेर आल्या. "सापडलात! एवढ्याशा झाडाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

कोटवाला दचकला, मग तोही उसळला. "मी? मी तर तुम्हालाच पकडायला बसलोय!"

"मला? माझ्याच गुलाबासाठी?"

"मला घालवायचं म्हणून पानं तुम्हीच कापताय आणि आळ माझ्यावर घेताय, असं वाटलं मला. म्हणून तर तुमच्या कात्रीला पानांचा वास येतो का बघितलं."

"मग, आला?"

"मशीनच्या तेलाचा आला."

ताई काही झोंबरं बोलणार होत्या, तेवढ्यात दोघांच्या मधून काहीतरी गुणगुणत गेलं. मधमाशीच्या चुलतबहिणीसारखी एक माशी गुलाबाच्या पानावर बसली. कड पायांत धरली आणि गोल फिरत ती कापत निघाली. दहा आकडे मोजून होईपर्यंत तुकडा सुटला. तो पोटाखाली घेऊन ती थेट दुकानात शिरली आणि कोटांच्या पाइपात गडप झाली.



"खडूची खूण नाही," कोटवाला हळूच म्हणाला.

"आणि टेपही नाही," ताई म्हणाल्या. मग त्यांनी पाकिटातली गुंडाळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. दोघं वाकून पाहू लागले. बाजूंना लांबट तुकडे, एकावर एक चढवलेले. तोंडाला गोल तुकड्याचं झाकण, नेमकं बसणारं. ना टाका, ना दोरा.

"टोपीसारखं बेतलंय हे," कोटवाला म्हणाला. "बाजू वेगळ्या, माथा वेगळा."

"आत पिल्लू असेल. उसवू नका हं."

"छे! असं शिवलेलं कोण उसवेल?" त्याने एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा ताई, ती परत येईल."

ताई बसल्या. तेवढ्याशा शब्दाने त्यांना फार लाजल्यासारखं झालं. महिनाभर त्यांनी त्या माणसाला साधं 'जेवलात का' विचारलं नव्हतं, आणि आज त्याचं दुकान उठवायला निघाल्या होत्या.

माशीच्या तीन फेऱ्या झाल्या तेव्हा मालक आला. "काय ताई, पुरावा कुठाय?"

कोटवाल्याने एकदम ताईंकडे पाहिलं. फोनची गोष्ट त्याला आत्ताच कळत होती. त्याचा तळहात गुंडाळीभोवती आपोआप मिटला.

ताई उठल्या. त्याच्या पाइपावरचे कोट एकेक करून काढू लागल्या.

"म्हणजे जातोय का तो?" मालकाने विचारलं.

 ताईंनी कोट पडद्याच्या अलीकडे आणले, फ्रॉक बाजूला सारले आणि मधल्या जागेत ते नीट टांगले.

"त्यांचा पाइप अडलाय," त्या म्हणाल्या. "कोट आता इथे राहतील. चुगली माझी खोटी होती, त्यांची माफी मी नंतर मागेन. तुम्ही जाताना तेवढा पडदा काढून न्या. पाइप मला इथून दिसत नाही."