एकोणतीस शब्द आणि वरचे दोन

मित्रांनो, छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगावर बरोबर एकोणतीस शब्द होते. आज एकतीस आहेत. वाढलेल्या त्या दोन शब्दांवरून माणसांनी माझ्या म्हातारपणाचा जो खेळखंडोबा केला, तो मला तुम्हांला सांगायचा आहे. मी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेतला प्रतिज्ञेचा जुना तक्ता आहे. शाळेचे नाव सांगत नाही. सांगितले तर दोन्ही बाजूंची पत्रे पुन्हा सुरू होतील, आणि पत्रांचा मला वीट आला आहे.

माझा जन्म १९५१ सालचा. जाड पिवळसर पुठ्ठा, वर काच, भोवती ओकच्या लाकडाची चौकट. मला पाचवीच्या वर्गात फळ्याच्या वर टांगले. रोज सकाळी मुले उभी राहत, उजवा हात छातीवर ठेवत, कोपऱ्यातल्या झेंड्याकडे तोंड करत आणि माझे शब्द म्हणत. झेंड्याशी आणि प्रजासत्ताकाशी निष्ठा; एक राष्ट्र, अविभाज्य; सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय. अर्थ एवढाच.

तीन वर्षांनी वॉशिंग्टनला कायदा झाला आणि 'एक राष्ट्र' या शब्दांपुढे 'अंडर गॉड', म्हणजे 'देवाच्या छत्राखाली', असे दोन शब्द घालायचे ठरले. नवे तक्ते लवकर येईनात. तेव्हा वर्गाच्या मिस कोल बाईंनी माझी काच काढली, ओळीत एक बारीक खूण केली आणि ते दोन शब्द निळ्या शाईने वर लिहिले. बाईंचे अक्षर सुरेख होते. मला राग आला नाही. राग आला तो पन्नास वर्षांनी, आणि तोही शब्दांचा नाही, माणसांचा.

मधली वर्षे बरी गेली म्हणायची. पुढे पुढे माझ्यासमोर नकाशाची गुंडाळी लटकू लागली आणि निम्मा मी दिसेनासा झालो. प्रतिज्ञा कधी म्हणत, कधी विसरत. माझ्यावर धूळ साचली. एका कोळ्याने माझ्या मागे संसार थाटला, त्याची मुलेबाळे मोठी होऊन गेली, पण मला कोणी पुसले नाही.

मग २००१ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कचे ते दोन मनोरे कोसळले. पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापिका मिसेस फोर्टियर शिडी घेऊन आल्या आणि त्यांनी मला स्वतः पुसले. नकाशा दुसऱ्या भिंतीवर गेला. भिंतीवरच्या स्पीकरमधून रोज साडेआठला प्रतिज्ञा सुरू झाली. मुले घाबरलेली होती, म्हणून मोठ्याने म्हणत. पालक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. खोटे कशाला बोलू, मला ते आवडले.

हे कौतुक वर्षभरसुद्धा टिकले नाही. २००२ च्या उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या एका मोठ्या न्यायालयाने निकाल दिला, की सरकारी शाळेत 'अंडर गॉड' म्हणून घेणे घटनेला धरून नाही. निकालाची अंमलबजावणी लगेच थांबवली गेली, पण भांडण काही थांबले नाही. सुट्टी संपवून मुले परत आली तेव्हा त्यांच्या आईवडिलांची मते त्यांच्या दप्तरात होती.

त्या वर्षी पाचवीत आश्लेषा पाटणकर होती. वडील दिगंबर मूळचे नागपूरचे, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करणारे. आई शुभा पुण्याची, शिकलेली, पण तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती म्हणून घरी. तिघांचा ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज सरकारदरबारी पडून होता. आश्लेषा शांत मुलगी. रोज सकाळी ताठ उभी राही, छातीवर हात ठेवी आणि स्पष्ट म्हणे. फक्त वरच्या दोन शब्दांपाशी ओठ मिटी, आणि ते गेले की पुढचे धरी. वर्गशिक्षिकेने हे पाहिले होते आणि सोडून दिले होते.

पण ऑक्टोबरात ती शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि बदली शिक्षक म्हणून मिस्टर हॅनरन आले. पोस्टातून निवृत्त झालेला साठीचा माणूस. त्यांचा मुलगा सैन्यात होता, अफगाणिस्तानात. प्रतिज्ञा चालू असताना ते ओळींमधून फिरत. तिसऱ्या दिवशी ते आश्लेषाच्या बाकापाशी थांबले.

"तू दोन शब्द गाळलेस," ते म्हणाले. "पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटले आणि पुन्हा तेच गाळले.

"ज्याला पूर्ण म्हणायचं नाही, त्यानं म्हणूच नये. बाहेर उभी राहा."

चार दिवस ती साडेआठ वाजता वर्गाबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. दाराच्या काचेतून तिचा हात मला दिसे. तिथेही तो छातीवरच असे. घरी तिने काही सांगितले नाही. अखेर हिमानी नावाच्या तिच्या मैत्रिणीने स्वतःच्या आईला सांगितले, आणि त्या आईने शुभाला फोन केला.

पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्याच खाली सगळे जमले: मिसेस फोर्टियर, मिस्टर हॅनरन, शुभा, दिगंबर आणि लहान मुलांच्या खुर्चीत आश्लेषा. मित्रांनो, माणसे किती हुशार असतात पाहा. पाच जणांत चौघे मोठे होते. त्या चौघांनी अर्धा तास चर्चा केली, आणि जिच्याविषयी चर्चा चालली होती तिला एकाही शहाण्याने प्रश्न विचारला नाही.

दिगंबर कागद छापून घेऊन आला होता. तो म्हणाला, "माझी मुलगी देव मानत नाही. मीही मानत नाही. तुमच्याच सर्वोच्च न्यायालयानं १९४३ मध्ये सांगितलंय, की कुठल्याही मुलाला प्रतिज्ञेची सक्ती करता येत नाही."

"मला कायदा माहीत आहे," मिसेस फोर्टियर ओशाळून म्हणाल्या. "हे घडायला नको होतं."

"मुलगा तिकडे आहे माझा," मिस्टर हॅनरन म्हणाले. "या देशाला दोन शब्द देणं इतकं जड आहे का?"

शुभा या सगळ्यात आणखी घाबरली. ती मुलीकडे वळून मराठीत बोलू लागली. तोवर त्या वर्गातून इतकी मराठी मुले शिकून गेली होती की मला ती भाषा चांगली समजत होती, विशेषतः रागावलेली.

"आशू, दोनच वर्ड्स आहेत ना? म्हणून टाक की. बाबांच्या ग्रीन कार्डची प्रोसेस चाललीय, आत्ता कुठे नाव यायला नको आपलं."

"पण आई, तूच सांगितलंस."

"मी काय सांगितलं?"

"मी कुकी खाल्ली नाही म्हणून गॉड प्रॉमिस म्हटलं, तेव्हा तू किती रागावलीस. देवाचं नाव घालून शपथ घ्यायची नाही म्हणालीस. चुकून घेतली तर कोणीतरी 'सुटली' म्हणायला लागतं." आश्लेषाने वर माझ्याकडे पाहिले. "इथे आम्ही रोज घेतो. अँड नोबडी सेज सुटली."

दिगंबरचे कागद हातातच राहिले. "म्हणजे तू देव मानतेस?"

"आय डू, बाबा. तुम्ही मला कधी विचारलंच नाही."

शुभाने मुलीच्या दप्तराची उघडी चेन लावली आणि उगाच पुन्हा उघडली. मिसेस फोर्टियर विचारत राहिल्या, काय म्हणाली ती, काय म्हणाली? कोणी नीट भाषांतर केले नाही. आश्लेषाला यापुढे बाहेर काढायचे नाही एवढे ठरले आणि सगळे उठले.

प्रकरण इथे मिटायला हरकत नव्हती. पण कोणीतरी गावच्या साप्ताहिकाला पत्र लिहिले. मग त्याला उत्तर आले, आणि उत्तराला उत्तर. एका पत्रात आश्लेषा 'देवाला हाकलणारी परदेशी मुलगी' झाली, तर दुसऱ्यात 'विवेकवादाची छोटी सैनिक'. ती बिचारी दोन्ही नव्हती. नोव्हेंबरात शाळा समितीने जाहीर सभा बोलावली.

त्या संध्याकाळी मला खिळ्यावरून काढून कॅफेटेरियात नेले आणि एका टेबलावर पुरावा म्हणून उभे केले. शेजारी दुधाच्या पुड्यांचे खोके होते. त्याला माझ्यापेक्षा जास्त मान होता, कारण त्याला कोणी हात लावत नव्हते.

"बघा," एक गृहस्थ माझ्यावर बोट आपटून म्हणाले, "मूळ छापलेल्यात देव नाही. ही शाई खोडून टाका."

"बघा," एक बाई म्हणाल्या, "एका शिक्षिकेनं स्वतःच्या हातानं देव लिहिलाय. हे शाळेच्या दारावर लावा."

एकच तक्ता, तीच शाई, आणि दोघांनाही मी आपलाच साक्षीदार वाटत होतो. गृहस्थांनी खरोखरच खिशातून खोडरबर काढले. बाईंनी मला स्वतःकडे ओढले. त्या ओढाताणीत माझ्या चौकटीचा एक सांधा निखळला आणि काचेला कोपऱ्यापासून तडा गेला. मग दोघे मिळून काच कोणी फोडली यावर भांडू लागले. दीड तास हे चालले. आश्लेषा मागच्या बाकावर अपूर्णांकांचा गृहपाठ करत होती.

शुभा उठली ती कोणाला दिसलीच नाही. हात वर करून ती बराच वेळ उभी होती. दिगंबर हळूच म्हणाला, "शुभा, मी बोलू का?"

"नको. तू आधीच एकदा तिच्या वतीनं बोललायस," ती म्हणाली, आणि इंग्रजीत अडखळत बोलू लागली.

"आश्लेषा माझी मुलगी. ती देव मानते. म्हणूनच ती ते शब्द म्हणत नाही. आमच्या घरी देवाच्या नावानं शपथ घेत नाहीत. घेतलीच तर ती आयुष्यभर पाळावी लागते. हे मीच तिला शिकवलं. आणि त्या दिवशी मीच तिला म्हटलं, म्हणून टाक. आमचे कागद अजून यायचेत. मला भीती वाटली. माझ्या भीतीसाठी मी मुलीला देवाशी खोटं बोलायला सांगत होते. मला त्याची लाज वाटते. तुम्ही मूळ काय आणि नंतरचं काय, ते खुशाल ठरवा. पण चार दिवस ती बाहेर उभी होती, आणि आजपर्यंत एकानंही तिला का म्हणून विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही."

ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. तिचे बोलणे कोणत्याच बाजूच्या कामाचे नव्हते. तरी आवाज मात्र खाली आले.

सभेत निर्णय झाला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मला तडा गेलेल्या काचेसकट परत टांगले. सकाळी घंटेआधी मिस्टर हॅनरन आश्लेषाच्या बाकापाशी गेले. गुडघे दुखत असत त्यांचे, तरी ते खाली बसले.

"मी तुला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "आता विचारतो. सांगशील?"

तिने सांगितले. कुकीपासून सांगितले. 'सुटली' म्हणजे काय ते सांगायला तिला बराच वेळ लागला. मग त्यांनी आपल्या मुलाविषयी सांगितले, की तो निघाला त्या दिवशी त्यांनीही देवाला एक वचन दिले होते आणि ते मोडायची त्यांना रोज भीती वाटते. दोघे इतके बोलत होते की स्पीकरवर प्रतिज्ञा सुरू झाली आणि संपली, तरी दोघांनाही कळले नाही. बाकीची मुले उभी राहून म्हणाली आणि खाली बसली. माझ्या अर्ध्या शतकाच्या नोकरीत त्या वर्गात 'निष्ठा' हा शब्द एवढा खरा मी कधी पाहिला नव्हता, आणि त्या सकाळी त्या दोघांनी माझा एकही शब्द उच्चारला नव्हता.

पुढच्या आठवड्यात समितीने ठराव केला: कोणालाही बाहेर काढायचे नाही आणि कोणालाही सक्ती करायची नाही. साठ वर्षांपूर्वी ठरलेली गोष्ट त्यांनी तीन बैठकांत नव्याने शोधून काढली. माझे काय करायचे यावर मात्र एकमत होईना. शाईसकट टांगावा की शाईविना? शेवटी टांगूच नये असे ठरले. वर्गात प्लास्टिकचा नवा तक्ता आला आणि मी कॅफेटेरियामागच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या प्रोजेक्टरांच्या संगतीत जाऊन पडलो.

तिथेच मी सफाई कामगाराच्या रेडिओवर ऐकले, की ते पश्चिमेकडचे प्रकरण २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालय म्हणाले, ज्याने दावा लावला त्याला तो लावण्याचा अधिकारच नव्हता. देशभर एवढा आरडाओरडा, आणि उत्तर काय, तर विचारणारा चुकीचा. मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून होतो. तेच बरे वाटले.

चार वर्षे गेली. २००८ च्या वसंतात अडगळीचे दार उघडले आणि शुभा आत आली. मधल्या काळात तिला नोकरीचा परवाना मिळाला होता आणि आता ती याच शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करत होती. पुस्तक-प्रदर्शनासाठी लाकडी स्टँड शोधत होती. बरोबर ग्रंथालयातल्या शैलजाताई होत्या. "कार्डं आली ना गं तुमची?" त्यांनी विचारले.

"हो, मागच्याच महिन्यात. सात वर्षांनी. आशू म्हणते, आता काय सेलिब्रेट करायचं, आय ऑलरेडी लिव्ह हिअर."

मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. तिने मला वळवले आणि स्वेटरच्या बाहीने काच पुसली. तडा चुकवून, जपून. आणि ती वाचू लागली. हात छातीवर नव्हता, समोर झेंडा नव्हता, स्पीकर नव्हता. एकेका शब्दावर बोट ठेवत, अनोळखी पत्र वाचावे तसे तिने वाचले. निळ्या शाईपाशी ती थबकली नाही. शेवटच्या तीन शब्दांपाशी मात्र थांबली आणि शैलजाताईंना म्हणाली, "हे शेवटचं पाहिलंत का? न्याय, सर्वांसाठी. सभेत दीड तासात याच्यावर कोणीच बोललं नव्हतं."

मित्रांनो, मला पुन्हा भिंतीवर टांगा असे माझे म्हणणे नाही. शाई ठेवा किंवा खोडा, मला आता त्याचेही काही नाही. पण तुमच्या वर्गात उद्या एखादे मूल सगळ्यांबरोबर बोलता बोलता मध्येच गप्प झाले, तर त्याला कोणत्याही बाजूला बसवण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि का ते विचारा. त्याचे सांगून होईपर्यंत घंटा झाली तरी उठू नका.