केराबाईच्या वाटणीचा चंद्र

“म्हंजी तिकडं चंद्रच न्हाय?” हिंदुरावने हातातला घास तसाच धरून विचारले.

“हाय की. पर त्या आठवड्यात वर येत न्हाय.” केराबाईने तव्यावरची भाकरी अशी काही उलटली, की सगळा अपराध त्या भाकरीचाच असावा. “सूर्यच मावळत न्हाय तितं. रातच न्हाय, तर चंद्र कशाला येईल मरायला? मी सांगून टाकलं बाईस्नी, मी न्हाय येनार.”

हिंदुरावने घास तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. तो गिरणीच्या विणकाम खात्यात मागांना तेल घालायचा. कुठले चाक कधी कुरकुरेल हे त्याला आधी कळायचे. बायको कधी कुरकुरेल हे मात्र लग्नाला वीस-बावीस वर्षे होऊनही कळत नव्हते.

केराबाई त्याच खात्याच्या डंकनसाहेबाच्या बंगल्यावर आया होती. साहेबाला मूल नव्हते. आया होती ती मडमेसाठीच. मडमेची छाती अधू. तिला औषध पाजायचे, पाय चेपायचे, ताप चढला की दाराशी अंथरूण टाकून पडायचे, असे करता करता दोघींचे इतके जमले होते की साहेबालाही आत जायचे तर आधी केराबाईकडे बघावे लागे. या उन्हाळ्यात साहेब लांब रजेवर विलायतेला निघाला होता. समुद्राची हवा द्या, असे डॉक्टरने सांगितले होते. तेव्हा मडमेने लहानपणापासूनची हौस बाहेर काढली. नॉर्वे नावाच्या मुलखात डोंगर फोडून समुद्र आत आला आहे, त्यातून बोट जाते, ते बघायचे. पण केराबाई बरोबर असेल तरच.

“येवढा समुद्र डोंगरात कसा मावतो?” हिंदुरावने विचारले.

“चित्रात बघितलाय मी. रुंदीला आपला हिप्परग्याचा तलाव धरा, आन् लांबीला हितनं पार मोहोळपतुर. दोनी बाजूला कडे, आन् वरनं धबधबे.”

आगबोटीच्या कंपनीचे रंगीत चोपडे मडमेने महिनाभर उशाशी घेतले होते. कुठल्या महिन्यात जावे यावर बंगल्यात इतका खल झाला होता, की केराबाईला आता सगळे पाठ होते. “मे म्हैन्यात बरफ वितळतं, धबधबे दणकून पडत्यात, सफरचंदाच्या झाडांस्नी फुलं येत्यात. पर गारठा हाय, बाईंच्या छातीला सोसायचा न्हाय. ऑगष्टात ऊब हाय, पर धबधब्यांचं पानी बारीक व्हतं आन् रात पडाया लागती. त्याच्या म्होरं समिंदर खवळतो. जूनच्या अखेरीला सगळंच हाय. पानी हाय, ऊब हाय, आन् अर्ध्या राती लख्ख सूर्य. बाईंचा जीव तितंच अडकलाय.”

“मग जा की!”

“आन् संकष्टी?”

जूनची ती सफर नेमकी ज्येष्ठातल्या संकष्टीवर पडत होती. बोट तेव्हा पार वरच्या टोकाला असणार. केराबाईने विचारल्यावर साहेबाने कुठले तरी जाडजूड पुस्तक काढून पाहिले होते आणि मान हलवली होती. त्या टोकाला त्या दिवसांत चंद्र क्षितिजाच्या वर येतच नाही.

“ढग आसलं तर पंचांगाची वेळ बघून जेवतीसच की तू,” हिंदुराव म्हणाला.

“ढगामागं त्यो उगवल्याला आसतो म्हणून जेवते. जो उगवलाच न्हाय त्याला काय वाढू?”

“मग येक म्हैना सोड.”

केराबाईने वर पाहिले. “सोडाया उपास माझा हाय. जीव तुमचा हाय.”

लग्नानंतर लगेचच आलेल्या मानमोडी तापाच्या साथीत हिंदुरावची मान खरोखरच मोडल्यासारखी पडली होती. चाळीच्या ओळीतल्या प्रत्येक खोलीतून एकेक माणूस गेले होते. वैद्याने हात झटकले तेव्हा केराबाई, तेव्हा ती कोवळी पोरच होती, गल्लीच्या टोकाच्या गणपतीसमोर जाऊन बसली आणि बोलून आली, की हा माणूस उठून बसला तर जन्मभर संकष्टीला चंद्राआधी जेवणार नाही. तो उठून बसला. पदरात मूल कधी राहिले नाही, दुसरे काही मागावे असे तिला फार वाटले असेल. पण देवाला ती पुन्हा त्रास द्यायला गेली नाही. हिंदुराव तिच्या उपासाची थट्टा करायचा. तिचा तो उपास आपल्या अंगावर पांघरुणासारखा आहे हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच करायचा.

रविवारी तो धुतलेले धोतर नेसून बंगल्यावर गेला. सात रस्ता चौकाच्या पलीकडचा तो बंगला त्याने आजवर फाटकातूनच पाहिला होता. व्हरांड्याच्या पायरीशी तो उभा राहिला. ऐन चैत्रातही शाल घेऊन मडम लांब खुर्चीत पडली होती, शेजारी साहेब होता. केराबाई मडमेच्या पायाशी बसली होती. नवऱ्याला पाहून तिने डोळे मोठे केले.

“भांडायला आला तू, हिंदुराव?” मडमेने विचारले. वीस वर्षांत तिचे मराठी केराबाईने घडवले होते. “नको भांडू. ऑगस्ट ठरला. ऑगस्टमध्ये चंद्र येतो. मला रात्र पण आवडते.”

ती हसून बोलली, पण मांडीवरच्या चोपड्यात जूनच्या पानावर तिचे बोट तसेच होते. साहेब बागेकडे बघू लागला. बाईंची कुठलीही गोष्ट पुढच्या वर्षावर टाकू नका, असे डॉक्टरने साहेबाला सांगितले होते, आणि ते मडम सोडून बंगल्यात सगळ्यांना माहीत होते. खरे तर मडमेलाही असावे. ऑगस्टपर्यंत तिची छाती धरेल का, हे कोण सांगणार?

हिंदुरावने टोपी काढली, पुन्हा घातली. “सायेब, त्या दिशी सोलापुरात उगवंल न्हवं?”

“क्या? चांद? सोलापूरमें?” साहेब गोंधळला. “जरूर. क्यों नहीं?”

“मग मी बघतो की तिच्या बदली. मी हितं उपास धरतो, मी चंद्र बघतो, पानी सोडतो. मग तिनं तितं जेवायचं.”

मडम हसू लागली, हसता हसता खोकू लागली, आणि केराबाई तिची पाठ चोळू लागली. खोकला थांबल्यावर मडम म्हणाली, “मी एक घड्याळ सोलापूरचं ठेवीन. सोलापूरला चंद्र आला, की केराबाईचं ताट. तिकडे तेव्हा ऊन असणार.”

“ह्यांच्यानं व्हनार हाय का!” केराबाई उसळली. “न्याहारीला उशीर झाला तर घर डोक्यावर घेत्यात. ह्यांच्या उपासावर मी जेवायचं?”

“जेव. मी बघतो म्हणलं न्हवं?” हिंदुराव म्हणाला.

तरीही केराबाईने त्याच संध्याकाळी गणपतीच्या गुरवाला, शिवलिंगप्पाला, विचारलेच. शिवलिंगप्पाने कपाळावरचे भस्म चोळत निकाल दिला, “नवरा-बायकोचं पुण्य येकच धरत्यात. त्यानं बघितला म्हंजी तू बघितला. पर त्यानं बघितला पायजे बरं का.” केराबाई निश्चिंत झाली असे नाही, पण दुसऱ्या दिवशी बंगल्यात जून ठरला. त्या दिवशी मडम बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

वैशाखात ती माणसे विलायतेला निघाली. स्टेशनावर केराबाई मडमेच्या डब्याच्या दारात उभी होती. अंगावर मडमेने दिलेला लोकरी कोट होता, आणि त्या उन्हात ती घामाने निथळत होती. पण तो कोट सामानात टाकायला तिचा कुणावर विश्वास नव्हता. “दुर्वा गणपतीम्होरनं आना,” ती सांगत राहिली. “आन् तोंडात कायबी टाकू नगा. शेंगदाना बी न्हाय.” गाडी हलल्यावर तिचा चेहरा एकदम कोवळा झाला, पोरीसारखा. हिंदुराव रिकाम्या रुळांकडे बघत उभा राहिला. आपल्याला इतके रडू येईल असे त्याला वाटले नव्हते.

ज्येष्ठातली संकष्टी उजाडली ती भरल्या आभाळाची. हिंदुराव न खाता कामावर गेला. जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, मानसिंगला कुठून तरी सुगावा लागला होता. “हिंदुराव, बायकूचा उपास धरलायसा म्हनं! मग कपाळाला कुंकू बी लावायचं की!” मागांच्या खडखडाटातही सगळे हसले. हिंदुरावही हसला आणि तेलाची बुधली घेऊन पुढच्या मागाकडे गेला. दुपारी डोके गरगरू लागले. ही बाई दर महिन्याला असे करते आणि वर बंगल्यावर राबते, आणि आपण थट्टा करतो, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

शेजारच्या रंभाबाईने भाकऱ्या आणि शेंगाची चटणी आणून ठेवली. दिवेलागणीनंतर हिंदुराव ते फडक्यात बांधून देवळाच्या ओट्यावर जाऊन बसला. आभाळ काळे होते, एक चांदणी दिसेल तर शपथ. पंचांगातली वेळ आली आणि गेली. शिवलिंगप्पा गाभारा बंद करून बाहेर आला.

“ऊट, जेव जा. उगवला त्यो. ढग आसलं की केराबाई बी वेळ बघूनच जेवती.”

“तिचं निराळं, आप्पा.”

“काय निराळं?”

“ती उगवला म्हणून जेवती. आत्ता तितं उनात बसून ती जेवली आसंल, ते मी बघितला म्हणून.” हिंदुरावने फडक्याची गाठ आवळली. “तिनं माझ्या डोळ्यांवर घास घेतला, आन् डोळ्यांनी काय बघितलंच न्हाय. आता कसा जेवू?”

शिवलिंगप्पाने शास्त्र सांगितले, मग रागावला, मग आपली घोंगडी त्याच्याजवळ ठेवून घरी गेला.

सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा हिंदुराव भाकरीचे फडके काखेत घेऊन निघाला. रात्रभर ओट्यावर बसून पाय जड झाले होते. रस्ता कामगारांनी भरला होता. सगळे खाली मान घालून भराभर चालत होते, आणि हा एकटा वर तोंड करून, ठेचा खात. पूर्वेला थोडे फटफटीत झाले होते. पश्चिमेला, गिरणीच्या धुराड्याच्या बाजूला, ढग अजून तसेच होते.

मग ते ढग एका जागी विरले. मागे निळे आभाळ निघाले आणि त्यात चंद्र होता. दिवसाचा चंद्र, धुऊन धुऊन झिरझिरीत झालेल्या मलमलीच्या तुकड्यासारखा, एका बाजूने थोडा झिजलेला. कुणीही मान वर करून पाहिले नसते. हिंदुराव रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून येणारा मानसिंग त्याच्यावर आपटला.

“अवो, फाटक बंद व्हतंय! दिस भरायचा न्हाय!”

“न्हाय भरला तर न्हाय भरला.”

“काय झालं तुमास्नी?”

हिंदुरावने वर हात केला. मानसिंगने पाहिले, आणि कुंकवाची थट्टा त्याच्या ओठांवर आली नाही. तो एकदा त्या चंद्राकडे, एकदा हिंदुरावकडे बघून फाटकाकडे पळाला.

हिंदुराव रस्त्याकडेच्या नळावर गेला. ओंजळीत पाणी घेतले आणि चंद्राकडे तोंड करून सोडले. मंत्र त्याला येत नव्हता. “हिच्याकडनं,” एवढेच तो म्हणाला. दुसरा भोंगा झाला, फाटक लागले, रस्ता रिकामा झाला. पहिल्यांदाच तो बंद फाटकाच्या बाहेर राहिला होता, आणि त्याला मुळीच वाईट वाटत नव्हते.

नळाच्या दगडावर बसून त्याने फडके सोडले. भाकरी मोडली, दोन भाग केले. अर्धी चटणीला लावून खाल्ली. उरलेली अर्धी सवयीने शेजारी ठेवली, घरी केराबाईसाठी ठेवायचा तशी. मग थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला, आणि तीही उचलून खाल्ली; सावकाश, एकेक घास नीट चावून, केराबाई जेवते तशी.