राजाचं राखाडी डोकं

भूकंपात गावचं घर पडलं म्हणून अमृतराव सर लातूरला आले, क्लास काढला आणि तेव्हापासून पोरांवर ओरडायला लागले ते थांबलेच नाहीत. लाड फक्त राजाचे. राजा म्हणजे ऑफिसच्या दारात टांगलेला टोई पोपट. अंग हिरवंगार, चोच पिवळी, डोकं मात्र राखेत बुडवून काढल्यागत. "कोवळा नर हाय. रोज दोन लाल मिरच्या घाला, डोकं लाल होतंय," असं विकणाऱ्यानं सांगितलेलं. सर दोन वर्षं मिरच्या घालून राहिले होते.

रविवारच्या टेस्टमध्ये त्यांनी एका मार्काचा प्रश्नही तोच काढला. टोईचं डोकं राखाडी, तर तो कोण? हॉस्टेलमधल्या जेबानं डोळे झाकून खूण केली: मादी. सरांच्या यादीत उत्तर होतं: कोवळा नर.

जेबाला पडले एकशे एकोणचाळीस. एकशे चाळीसच्या खाली आलं की हॉस्टेलची खाट त्याच दिवशी सोडायची, हा क्लासचा नियम. तिच्या खोलीतल्या शिल्पानं खूण केली होती कोवळ्या नरावर, तिला बरोब्बर एकशे चाळीस.

जेबा भर वर्गात उभी राहिली. "सर, माझं उत्तर बरोबर हाय."

"तू शिकवणार मला?"

"किनवटला आमच्या घरामागं सागाचं जंगल हाय, सर. टोईचा थवा तुई-तुई करत झाडांतून असा सुसाट निघतो, की मान वळवेपर्यंत पार! ज्वारीवर उतरला की कणसं साफ. नराचं डोकं पिकल्या जांभळासारखं, गळ्यात काळी रेघ, खांद्यावर लाल ठिपका. मादीला त्यातलं कायच नसतं. तुमचा राजा मादी हाय. पोतंभर मिरच्या घाला, लाल व्हायची न्हाई."

"ए जंगली, बस की खाली!" मागून शिल्पा ओरडली. वर्ग खिदळला.

"सर, ती आठ दिवसांपासून पिंजऱ्यातला पुठ्ठा कुरतडून राहिलीय, कोपऱ्यात दबून बसती. जंगलात ढोली शोधतात तशी. परवापर्यंत तरी थांबा."

"पाचच्या आत ट्रंक भर," सर म्हणाले. "अब्बाला फोन कर."

जेबानं ट्रंक भरली. शिल्पा खाटेवर पाय पसरून म्हणाली, "तुझी चादर ऱ्हाऊ दे इथंच. लई मऊ हाय."

"तुझी जीभ पुसायला?" जेबा म्हणाली आणि चादर ओढून घेतली. चढवायचा नव्हता तरी आवाज चढलाच.

पाचला ती किल्ली द्यायला ऑफिसात गेली. शिल्पा मागोमाग, मजा बघायला. सर राजाला मिरची भरवत होते. राजा कोपरा सोडायला तयार नव्हता. सरांनी बोट आत घालून त्याला ढकललं, तशी राजानं बोटाचा लचकाच तोडला. सर ओरडले, पिंजरा हलला, राजा बाजूला झाला.

पुठ्ठ्याच्या चोथ्यात एक पांढरंशुभ्र अंडं.

सरांनी बोट रुमालात गुंडाळलं. मग लाल पेन काढून भिंतीवरच्या यादीत दोन आकडे खोडले. जेबा एकशे चाळीस. शिल्पा एकशे एकोणचाळीस.

"पाच वाजलेत," सर शिल्पाकडे न बघता म्हणाले. मग जेबाला, "तू उद्यापासून शेवटच्या बाकावर. माझ्या नजरेसमोर यायचं न्हाई."

खोलीत शिल्पा ट्रंक आपटत भरत होती. "झालं समाधान?"

जेबानं आपली चादर परत खाटेवर अंथरली, चारी कोपरे नीट ताणून.

"माझ्यावर कशाला डाफरतीस?" ती म्हणाली. "अंडं काय मी घातलं?"