थरथर कोणाची?

मित्रांनो, मला तुम्ही आजवर पाहिले नसेल, पण माझा वारा तुमच्या तोंडावर नक्कीच आला असेल. गाडीत पुढे बसले की समोरच्या जाळीतून गार किंवा गरम हवा येते ना, ती ढकलणारा पंखा म्हणजे मी. मला ब्लोअर म्हणतात. एक मोटर आणि तिच्या दांड्यावर बसवलेले, पातळ पात्यांचे पिंजऱ्यासारखे गोल चाक, एवढाच माझा देह. हवा गार करणे किंवा गरम करणे हे शेजारच्या नळ्यांचे काम. मी फक्त ढकलतो.

कारखान्यातून निघताना मला गरागरा फिरवून पाहिले होते. माझी एक बाजू गुंजभर जड निघाली. म्हणून समोरच्या पात्यावर एक लहानशी लोखंडी चिमटी बसवली आणि मी शांत फिरू लागलो. आम्हा पंख्यांचे सगळे सुख त्या तोलावर असते. मग मला एका पांढऱ्या व्हॅनमध्ये, डाव्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यामागे अंधारात बसवले. तिथूनच मी अकरा वर्षे जग ऐकतो आहे.

ती व्हॅन भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या हिरालालभाऊंची. भंडाऱ्याहून पाच शिक्षिकांना सिहोऱ्याला शाळेत न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, हे त्यांचे रोजचे काम. थंडीत धुक्याने काच पांढरी होई, तेव्हा मी गरम हवा फुंकून ती पुसत असे. उन्हाळ्यात गाडीत पाऊल टाकताच बाया म्हणत, "भाऊ, पह्यले हवा लावा बापा!" ते ऐकले की मला फार बरे वाटे. कौतुक थेट माझे नव्हते, पण मी ते माझेच समजत असे.

यंदा मे महिन्यात शाळेला सुटी होती. हिरालालभाऊंच्या पत्नी पंचफुलाबाई यांच्या डोळ्याचे ऑपरेशन नागपूरला झाले. दोघे महिनाभर तिकडेच राहिले आणि व्हॅन घरामागच्या मोहाच्या झाडाखाली उभी राहिली. मी गप्प पडून होतो. एके दिवशी, बाहेरची हवा जिथून येते त्या काचेखालच्या जाळीतून एक पाहुणी आत आली. बारीक कंबरेची, निळसर काळी कुंभारीण माशी. ती तोंडात ओली माती आणी, माझ्या पात्यांवर थापे आणि पुन्हा उडून जाई. गवंड्यासारखी तिची कामाची तऱ्हा होती. मला गंमत वाटली. आपल्या अंगावर कोणी घर बांधत आहे याचा थोडा अभिमानही वाटला. त्याची किंमत कोणाला मोजावी लागणार आहे, हे मला काय ठाऊक?

जूनअखेर शाळा उघडल्या. हिरालालभाऊंनी मला चौथ्या, म्हणजे सगळ्यात जोराच्या नंबरावर लावले आणि मी फिरताच सगळा डॅशबोर्ड थरथरू लागला. मातीने माझी एक बाजू जड झाली होती आणि प्रत्येक फेरीला मी तिकडे ओढला जात होतो. माझी थरथर डॅशबोर्डात, तिथून स्टेअरिंगमध्ये आणि तिथून हिरालालभाऊंच्या बोटांत जात होती. पावसाळ्यात पाच ओल्या छत्र्या आणि सहा माणसांच्या श्वासांनी काच सारखी धुरकटे, म्हणून मला बंद करायची सोयच नव्हती. गाडी चालू म्हणजे मी चालू.

त्यामुळे थरथर माझी आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. उलट त्यांना भलतेच वाटले. त्यांचे वडील भंडाऱ्यात पितळेची भांडी घडवायचे. म्हातारपणी त्यांचे हात असे काही कापू लागले की घास तोंडापर्यंत जाईना. गाडीतून उतरल्यावरही हिरालालभाऊंची बोटे मुंग्या आल्यासारखी झिणझिणत. बाया उतरून गेल्या की ते एकटेच आपल्या हातांकडे पाहत बसत. एकदा त्यांना हळूच म्हणताना मी ऐकले, "बाबा, तुमचं दुखनं मले आलं का?"

मित्रांनो, तेव्हा मला मोठ्याने ओरडावेसे वाटले, 'तुम्ही नाही हो, मी थरथरतो आहे!' पण मला वाऱ्याखेरीज दुसरी भाषा येत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांनी व्हॅन विकायचे ठरवले. पाच जणींचा जीव कापऱ्या हातांत कसा ठेवायचा, हा त्यांचा विचार. हातांविषयी घरी ते काही बोलले नाहीत. 'आता थकलो' एवढेच म्हणाले.

गाडी पाहायला सिहोऱ्याचे तेजराम आले. चौकस गृहस्थ. त्यांनी टायर पाहिले, दरवाजे आपटून पाहिले आणि मग चालवायला बसले. हिरालालभाऊ शेजारी, म्हणजे अगदी माझ्यापुढे. नदीचा पूल ओलांडून गाडी हमरस्त्याला लागली तोच तेजरामांच्या कपाळाला आठी पडली.

"हिरालालभाऊ, हे स्टेअरिंग काहून झिनझिनून राहिलं?"

हिरालालभाऊ एकदम वळून बसले. "काय म्हनलं?"

"थरथरून राहिलं ना! हाताले मुंग्या येऊन राहिल्या माह्या."

"तुले बी येते?"

"म्हंजे? मले येनार नाई त मंग कोनाले येईन?"

"तुले बी येते!" हिरालालभाऊ इतक्या आनंदाने ओरडले की तेजरामांनी घाबरून ब्रेक दाबला. आपल्या गाडीतला दोष ऐकून हसणारा विक्रेता त्यांनी जन्मात पाहिला नसावा.

"शहापूरले घे," हिरालालभाऊ म्हणाले. "हे काय हाय ते आजच पाहू."

शहापूरला हमरस्त्यावर मनालीचे गाड्यांच्या एसीचे दुकान आहे. आयटीआय शिकलेली, तिशीची मुलगी. बोलते कमी, विचारते जास्त. तेजराम म्हणाले, चाक वाकडे असेल. हिरालालभाऊ म्हणाले, इंजिन असेल. मनालीने दोघांचेही ऐकून घेतले आणि विचारले, "काकाजी, गाडी उभी असताना बी थरथरते का?"

उभ्या गाडीत हिरालालभाऊंनी कधी पाहिलेच नव्हते. आता गाडी उभीच होती. मनालीने स्टेअरिंगवर तळहात ठेवला. थरथर होती.

"मंग चाक नाई," ती म्हणाली. तिने इंजिन बंद केले, किल्ली अर्धी फिरवली आणि फक्त मला चालू ठेवले. थरथर तशीच.

"घ्या, इंजिन बी नाई."

आता तिघेही कान देऊन उभे राहिले. मनालीने मला पहिल्या नंबरावर आणले. मी जवळजवळ शांत झालो. दुसऱ्यावर थोडे गुरगुरलो, तिसऱ्यावर डॅशबोर्ड हलला आणि चौथ्यावर काचेजवळ ठेवलेले पेन टकटक नाचू लागले. गरम हवेकडे कळ फिरवली, थंडीकडे फिरवली, तरी फरक नाही. मग तिने मला बंद केले. पेन थांबले.

हिरालालभाऊंनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरले आणि डोळे मिटले. "आता नाई येत," ते म्हणाले.

मनालीने कप्पा काढला, वायर सोडवली, तीन स्क्रू फिरवले आणि अकरा वर्षांनी मी उजेडात आलो. मला डोळे दिपल्यासारखे झाले. तिने मला उलटे धरले आणि हसली. "काकाजी, हे पाहा तुमचे भाडेकरू!"

माझ्या पात्यांवर मातीचे लिंबाएवढे घर होते. तिने ते लाकडी काडीने हळूहळू खरवडले, पाते मोडू नये म्हणून. माशीने पिल्लांच्या खाण्यासाठी आत भरून ठेवलेल्यांपैकी चार वाळलेले कोळी निघाले. पिल्ले केव्हाच उडून गेली होती. तेजरामांनी ते कोळी तळहातावर घेऊन निरखून पाहिले. गाडीचा सौदा ते पार विसरले होते.

तिने ब्रशने माझी धूळ झाडली आणि बॅटरीच्या तारा लावून मला हातात धरून फिरवले. मी बराच हलका झालो होतो, तरी थोडा डुलतच होतो. दुसरी एखादी असती तर 'चालते' म्हणून बसवून मोकळी झाली असती. मनालीने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले. "अजून काहीतरी हाय." तिने बोट फिरवत एकेक पाते तपासले आणि एका पात्यावर गंजाची बारीक खूण सापडली. कारखान्यात बसवलेली तोलाची चिमटी त्या थरथरीतच तिथून गळून पडली होती. तिने एका भंगार पंख्याची चिमटी काढली, मला लावली आणि फिरवले. डुलणे पुरते जाईना; अकरा वर्षांत पाती झिजली होती. दोन पाती पुढे लावली. कमी झाले. आणखी एक पाते पुढे. आणि मित्रांनो, मी असा फिरलो की मलाच माझा आवाज ऐकू येईना.

परत बसवल्यावर पेन काचेजवळ ठेवून चौथा नंबर लावला. पेन जागचे हलले नाही.

"आता सांगा, केवढ्यात देता?" तेजराम म्हणाले.

"देत नाई," हिरालालभाऊ म्हणाले. "पन तुले सिहोऱ्याले सोडून देतो. माह्या हातानं."

संध्याकाळी व्हॅन अंगणात उभी राहिली. हिरालालभाऊ दार उघडे टाकून आतच बसले होते. पंचफुलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी दोन महिन्यांचे सगळे सांगून टाकले. वडिलांचे हात, स्वतःची भीती, पेन, माती, सगळे. पंचफुलाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"तुमी हाताकडे पाहात बसता ते. दोन महिने झाले अजी, तुमच्या कपात चहा अर्धाच टाकून राहिली मी. सांडला त तुमाले वाईट वाटन म्हनून."

हिरालालभाऊंनी हातातल्या कपाकडे पाहिले. खरेच अर्धा होता. त्यांनी तो पंचफुलाबाईंपुढे धरला. हात अगदी स्थिर होता. "पुरा भर," ते म्हणाले. पंचफुलाबाई आत गेल्या आणि चहाचे भांडेच घेऊन बाहेर आल्या. ओतताना त्या म्हणाल्या, "तरी उद्या डॉक्टरले दाखवूनच येऊ," आणि ते लगेच "हौ" म्हणाले.

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. गाडी फार दिवस उभी ठेवली, तर काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा आणि मला एकदा फिरवून माझा आवाज ऐका. बदल ऐकू आला तर अंदाज बांधत बसू नका; एकेक गोष्ट बंद करून पाहा. आणि थरथर गाडीत असो की अंगात, ती एकट्याने सोसू नका. जवळच्या माणसाला सांगा. त्याला ती बहुधा आधीच कळलेली असते. तो फक्त तुमच्या बोलण्याची वाट पाहत असतो.