पिंपातल्यांचा सण

‘आग, चाक आणि आमच्या गिरणीमागची ही तीन निळी पिंपं, मानवजातीची वाटचाल या तीन टप्प्यांत झालेली आहे.’ आमच्या खाण सहकारी संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला एवढं बोलले, टाळ्यांची वाट बघत तिसऱ्या पिंपाला टेकले, नळी निसटली आणि उरलेलं भाषण त्यांनी ओल्या विजारीत पुरं केलं. चिटणीस या नात्यानं ते मी इतिवृत्तात घेतलं. विजार वगळली.

पिंपांत साबुदाण्याएवढ्या गोळ्या होत्या. इंजिनियर नियेवेस अयाविरीनं समुद्री शेवाळाच्या चिकात जिवंत जंतू कोंडून त्या केल्या होत्या. बोलिव्हियाला समुद्र उरलेला नाही. शेवाळ मात्र पोत्यानं मिळतं. खनिज धुतलेलं पाणी पिंपांत वरून सोडायचं, त्यातलं शिसं नि जस्त गोळ्यांनी धरून ठेवायचं आणि खाली ओढ्याला साफ पाणी द्यायचं, असा बेत. कार्निव्हल संपला की बुधवारी सकाळी दहाला सरकारी निरीक्षक ओरुरोहून येऊन पाणी तपासणार होता. नापास झालं तर गिरणीला कुलूप आणि नियेवेसच्या तीन वर्षांच्या कामाला भंगारवाला.

मधे मंगळवार होता. त्या दिवशी आमच्याकडे जे जे राबतं त्याच्यावर दारू शिंपडून कागदी माळा घालतात. ट्रक, जातं, शिवणयंत्र. अध्यक्षांची खुर्चीसुद्धा, जरी ती कधी राबली यावर मतभेद आहेत.

बुधवारी सात वाजता नियेवेस आली तर पिंपांना माळा. आत गोळ्यांवर रंगीत कागदाचे कपटे आणि गोड वड्या तरंगत होत्या. वास असा की वाकलेलं माणूस सरळ उभं राहावं. शेजारी राखणदार सेवेरो कोल्के समाधानानं बसला होता. किती ओतली, तिनं विचारलं. एक डबा, तळाशी घोटभर ठेवून, तिघांत सारखा वाटून. खाणीत पितात ती दारू, जवळजवळ निव्वळ अल्कोहोल.

“यंत्रांना थेंब थेंबच दिला,” सेवेरो म्हणाला. “पण आत जिवंत आहेत असं तुम्हीच म्हणालात ना, इंजिनियरबाई? पगार नाही, सुट्टी नाही, आणि सणाला पण कोरडे ठेवायचे? चाळीस वर्षं खाणीत काढली मी. असं कुणाला वागवलं नाही.”

“काका, मेले ते.”

“एवढ्याशानं?” जंतूंबद्दलचा त्याचा आदर तिथल्या तिथे उतरलेला दिसला.

नव्या गोळ्यांना तीन दिवस लागतात. हाताशी तीन तास होते. नियेवेसनं नळ सोडून, गोळ्या आतच ठेवून, पिंपांतली दारू धुवून काढली आणि गिरणीचं पाणी वरून सोडलं. मग फाटकापर्यंत गेली, परत आली, घड्याळ पाहिलं, पुन्हा फाटकाकडे. मीही मागोमाग हिंडत होतो. माझा उपयोग नव्हता, पण बसवतही नव्हतं. मेलेल्या जंतूच्या अंगालाही धातू चिकटतो, ती चालता चालता म्हणाली. निदान चिकटतो असं वाचलंय. इथं करून पाहिलेलं नाही. पाहावं तर तिचं मोजायचं यंत्र दुरुस्तीला आणि दुकानदार नाचात. दहा वाजले. साडेदहा वाजले. तिनं एकच नळ चारदा घट्ट केला.

निरीक्षक सव्वाअकराला आला, कॉलरमध्ये कागदाचे कपटे घेऊन. न सांगताही भागलं असतं, पण नियेवेसला ते जमेना.

“साहेब, आतले जंतू काल मेलेत. तरी नमुना घ्या.”

निरीक्षकानं फॉर्म उलटापालटा करून पाहिला. “यात पाण्याची चौकशी आहे, बाई. जंतूंच्या तब्येतीचा रकाना नाही.”

त्यानं बाटली भरली, पेटीतलं यंत्र काढलं, आकडा पाहिला. यंत्र झटकून पुन्हा पाहिला. शिसं मर्यादेच्या बरंच खाली. जस्तही. पास.

नियेवेस सकाळपासून पहिल्यांदा बसली, पालथ्या बादलीवर. मेलेल्यांनी काम केलं होतं, आणि किती दिवस करतील हे आता तिला शोधायचं होतं. अध्यक्ष कुठूनसे उगवले, पिंपापासून हातभर लांब उभे राहिले आणि मानवजातीच्या चौथ्या टप्प्यासाठी त्यांनी श्वास भरून घेतला. मी वही उघडली.

तेवढ्यात सेवेरो टोपी काढून मधे आला.

“इंजिनियरबाई, पहिल्या पिंपात माझ्या डब्याचं बूच पडलंय. तुमचा हात लांब आहे, काढून देता का? डबा उघडा राहिला की उरलेली उडून जाते.”