फुलेवाडीतला इव्होल्यूशन

मी 'इव्होल्यूशन' बोलतोय. तसा मी साधा पत्र्याचा बोर्ड. अंगावर हा इंग्रजी शब्द लाल, ठळक अक्षरांत, आणि खाली बारीक अक्षरांत 'जिम'. धैर्यशीलने फुलेवाडीतल्या घराच्या तळमजल्यावर जिम काढली, तेव्हा मला दारावर ठोकलं.

वरच्या मजल्यावर त्याची आई राहायची. तिला सगळेच आक्का म्हणत, धैर्यशीलसुद्धा. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि येणारे-जाणारे नेमके तिलाच विचारायचे, "आक्का, काय म्हणायचं ह्येला?"

शेवटी तिने लेकाला गाठलं.

"सुधारणं गं," धैर्यशील म्हणाला. "आज हाय त्यापेक्षा उद्या भारी."

झालं. आक्का सगळ्यांना तेच सांगू लागली.

व्यायामाला येणारी प्राची चौगुले कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. एकदा तिच्या कानावर हे पडलं, तशी ती पायरीवरच बसली.

"सुधारणं न्हवं, आक्का. मराठीत उत्क्रांती म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू होत जाणारा बदल. जे त्या जागी तगतं, त्याचा वंश चालतो. त्यात भारी-हलकं काय नसतं. आता लोक गाडीला, फोनला, कशालाही लावतात हा शब्द."

"मग एकट्या माणसाचं काय?"

"एकट्याची उत्क्रांती होत नाही."

"म्हंजे एकटं माणूस नुसतं म्हातारं हुतंय म्हण की," आक्का म्हणाली. दोघी हसल्या.

पुढे कोपऱ्यावर मोठी एसी जिम निघाली. आमच्याकडची पोरं तिकडे वळली. प्राचीही गेली, आधी जाता-येता हाक मारायची, मग तिची गाडी थांबेनाशी झाली. धैर्यशीलने मशिनं विकली आणि पुण्याला नोकरी धरली. जाताना म्हणाला, "बोर्ड भंगारात दे की."

आक्काने दिला नाही. रोज सकाळी ती ओल्या फडक्याने एकेक अक्षर पुसायची.

मग तळमजल्यावर मोबाईलचं दुकान आलं. दुकानदाराने मला उतरवलं, तेव्हा आक्का खाली आली. "टाकू नगा, पावणं. असू दे माझ्याजवळ." आता गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मी झाकण आहे. अक्षरं खाली, पाण्याकडे. मला कोणी वाचत नाही.

घरात रेंज नसते, म्हणून आक्का फोन घ्यायला गच्चीवर येते. रविवारी धैर्यशील विचारतो, "काय नवीन, आक्का?"

"हितं काय बदलतंय? सगळं हाय तसंच हाय."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ माझ्यावर हात टेकून उभी राहते. हाताचं वजन कमी होत चाललंय, ते मला कळतं. भात ती एकदाच टाकते आणि दोन्ही वेळा तोच खाते. जिना चढताना मध्येच बसते. परवा तिने दुकानदाराला तुझ्या नावाने हाक मारली, धैर्यशील.

मला खुशाल भंगारात घाल, माझी तक्रार नाही. पण इतकं हळू होणारं फोनवर कळत नाही रे. एकदा येऊन बघ.